आघाड्यापासून अर्जुनापर्यंत : उजाड डोंगरावर रान कसे परतते

गेल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी पूजेची मांडामांड चालली होती. बाजारातून आणलेली पत्रीची जुडी सोडून मी एकेक पान वेगळे करत होतो. शेजारी माझी पुतणी बसली होती. ती इथेच जन्मली, इथेच शाळेत जाते. तिने विचारले, "काका, ही पाने येतात कुठून?" मी सहज म्हणालो, "रानातून." तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "कुठल्या रानातून? आपल्या नवागामात तर रान नाही." तेवढ्यात गुरुजी आले, पूजा सुरू झाली आणि प्रश्न तसाच राहिला. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज स्मरणिकेच्या निमित्ताने लिहितो आहे.

गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. घराघरांत एखाददुसरे नाव बदलते, पण साधारण यादी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे : माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती आणि मालती. यातली तुळस, जाई, मरवा, डाळिंब ही अंगणातली. देवदार तर थेट हिमालयातला. ही बाजूला ठेवली की उरलेल्या पानांत एक क्रम दिसतो. दूर्वा, आघाडा, धोतरा, रुई आणि डोरली पडीक जागेत, वाटेच्या कडेला उगवतात. बोर आणि शमी काटेरी माळावरची. बेल आणि अर्जुन खऱ्या जंगलातले, त्यातही अर्जुन ओढ्याकाठचा. एखादी उजाड जमीन राखून ठेवली तर तिच्यावर रान साधारण याच क्रमाने परत येते. यादी करणाऱ्यांनी हा क्रम मनात धरला होता असे माझे म्हणणे नाही. पण रानाच्या सगळ्या पायऱ्यांवरची पाने एका ताम्हणात येतात हे खरे.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत आहे, आणि कामानिमित्त मातीशी जेवढा संबंध येतो तेवढाच माझा संबंध. पण आमच्या मूळ गावचा एक डोंगर मी वीस-बावीस वर्षे बघत आलो आहे. त्याच्यामुळे या विषयाची गोडी लागली.

गावाकडची वाट

आपल्यापैकी बहुतेकांची गावे उधना-जळगाव लाइनवर किंवा तिच्या आसपास आहेत. पूर्वीची ही तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. व्यारा, सोनगढ, नवापूरपर्यंत खिडकीतून दोन्ही बाजूंना साग दिसतो. नवापूरच्या पुढे गाडी नंदुरबारकडे वळली की झाडी विरळ होत जाते. यात पावसाचा हात मोठा आहे. डांगात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धुळे शहरात सहाशेच्या आसपास. आमचे गाव साक्री तालुक्यात, या दोहोंच्या मध्ये. नवापूरला उतरायचे, एस.टी. पकडायची, कोंडाईबारीचा घाट चढायचा आणि दहिवेलच्या बाजूला उतरायचे, हा आमचा ठरलेला प्रवास.

वडील सुरतेत सांच्यावर काम करायचे. उन्हाळ्याच्या सुटीत ते आम्हाला गावी सोडून परत यायचे. १९८० च्या दशकातला तो डोंगर मला आठवतो. वर मुरूम आणि दगड, मध्ये कुठे तरवडाची पिवळी फुले, रुईची झुडपे, आणि पावसाळ्यानंतर कुसळी गवत. त्या गवताची कुसळे मोज्यांत घुसली की काढता काढता संध्याकाळ व्हायची. आजी मात्र त्याच डोंगराकडे बोट दाखवून सांगायची की तिच्या लग्नाच्या मांडवाला इथलेच सागाचे खांब होते. आम्हाला ती गोष्ट वाटायची. पुढे कळले की आजी शब्दशः खरे सांगत होती.

रान गेले कसे

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांना सागाची गरज होती, सुरुवातीला मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी. म्हणून १८४० च्या दशकात त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगले भाडेपट्ट्याने घेतली. त्या पट्ट्याच्या रकमेची आठवण आहव्याच्या डांग दरबारात आजही जागती आहे. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मग रेल्वे आली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी तोड वाढली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारा माणूस कागदोपत्री परका झाला. १९२७ चा कायदा त्याच वळणाचा होता.

स्वातंत्र्यानंतर ठेकेदारी वाढली. जंगलाचे कूप पाडायचे आणि एकेक कूप तोडायचा, ही पद्धत. कागदावर ती बिनचूक होती. तोडलेल्या खुंटाला धुमारे फुटतील, काही वर्षांनी त्यांची झाडे होतील, मग पुन्हा तोड करता येईल. पण धुमारा फुटला की शेळी तो खायची, राहिलेला उन्हाळ्यातल्या वणव्यात जळायचा, त्यातूनही वाचला तर सरपणासाठी कुऱ्हाड यायची. १९७२ च्या दुष्काळात पोट भरण्यासाठी लोकांनी मोळ्या विकल्या. आमच्या आजीनेही पिंपळनेरच्या बाजारात मोळी नेली आहे. तिला दोष कोण देणार? घरात दाणा नव्हता. त्याच दुष्काळानंतर आमच्या भागातली कितीतरी घरे सुरतेच्या वाटेला लागली. आपण इथे आहोत त्याला मिलची शिट्टी जेवढी कारण आहे, तेवढाच तो उघडा पडलेला डोंगरही.

मात्र एक गोष्ट जमिनीखाली टिकून होती. झाड तोडले तरी खुंट आणि मुळे जिवंत होती. साग, पळस, धावडा यांची मुळे वर्षानुवर्षे धुमारे फेकत राहतात आणि दरवर्षी ते खाल्ले जातात. वरून टक्कल दिसणाऱ्या डोंगराच्या पोटात जुने रान दबा धरून बसलेले असते. पुढची सगळी हकीकत याच्यावर उभी आहे.

विद्वानांचा वाद

उजाड जागी वनस्पती एकामागून एक ठरावीक क्रमाने येतात, या गोष्टीला शास्त्रात अनुक्रमण म्हणतात. जगात तिचे गाजलेले उदाहरण क्राकाटोआ बेटाचे. १८८३ साली तिथे ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि बेटावरचे सगळे राखेखाली गेले. तीन वर्षांनी ट्रॉइब नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेला, तेव्हा त्याला राखेवर निळसर-हिरवे शेवाळ आणि नेचे दिसले. पुढे गवत आले, मग झाडे, आणि पन्नास वर्षांच्या आत बेट पुन्हा झाडीने भरले. कोणी एक रोप लावले नव्हते. बी वाऱ्याने, समुद्राने आणि पाखरांनी आणले.

१९१६ साली फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते रान एखाद्या सजीवासारखे वाढते. आधी गवत, मग झुडपे, मग झाडे, आणि शेवटी त्या हवामानाला शोभेल असे एकच पक्व जंगल. तिथे पोचले की प्रवास संपला. १९२६ साली हेन्री ग्लीसन याने याला हरकत घेतली. तो म्हणाला, रान हा एक देह नाही. प्रत्येक जात आपापल्या नशिबाने येते. बी कोणाचे पोचले, कोणाला पाणी मिळाले, कोण वाचले, यावर सगळे ठरते. म्हणून दोन डोंगरांवरची राने कधी हुबेहूब सारखी होत नाहीत.

दोघांत खरे कोण? आमच्या तालुक्यातले उदाहरण पाहिल्यावर वाटते की पहिल्या काही वर्षांत क्लेमेंट्स बरोबर ठरतो आणि नंतर ग्लीसन.

बारीपाडा

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा नावाचा छोटा आदिवासी पाडा आहे. वस्ती मुख्यतः कोकणा समाजाची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलेही डोंगर आमच्यासारखेच उघडे झाले होते, आणि बायकांना पाण्यासाठी लांब जावे लागे. गावातला शिकलेला तरुण चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावी राहिला. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. केंद्र सरकारने १ जून १९९० रोजी संयुक्त वन व्यवस्थापनाचे परिपत्रक काढले होते, त्यामुळे जंगल राखण्याच्या कामात गावाला अधिकृत जागा मिळाली.

गावाने बसून नियम केले. जंगलात कुऱ्हाड न्यायची नाही. चराई बंद. झाड तोडले तर दंड. राखणीला गावातलीच माणसे. वाळलेले लाकूड गावाने ठरवलेल्या वेळी आणि ठरवलेल्या प्रमाणातच आणायचे. त्याबरोबर श्रमदानाने चर खणले, बांध घातले, म्हणजे पावसाचे पाणी डोंगरावरच मुरू लागले. अशा तऱ्हेने सुमारे १,१०० एकर, म्हणजे ४४५ हेक्टर जंगल राखले गेले. २००४ पासून तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या नवागाम-डिंडोलीतही कितीतरी जणांच्या मोबाइलवर ती बातमी फिरली. आपल्या तालुक्याचे नाव दिल्लीत पोचल्याचा आनंद होता.

या हकिकतीत मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की रान परत आणण्याचे मुख्य काम राखणीने केले. लागवड झाली तरी तिची जागा दुसरी होती.

आमच्या डोंगरावर

बारीपाड्याचे पाहून आसपासच्या गावांत चर्चा सुरू झाली. आमच्या गावानेही २००३ च्या पावसाळ्यापासून डोंगराची एक बाजू बंद केली. दुसरी बाजू चराईला मोकळी ठेवली. त्यामुळे राखलेले आणि न राखलेले शेजारी शेजारी बघायची सोय झाली. मी दिवाळीत किंवा मे महिन्यात जातो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी एक फेरी मारतो.

पहिल्या पावसाळ्यात फक्त गवत वाढले. लोक निराश झाले. पण गवताचे काम पायाचे असते. आमच्या धंद्यात पाया भरल्याशिवाय मजला चढत नाही, आणि पाया कोणाला दिसत नाही. गवताने मुरूम धरून ठेवला, वाहून जाणारी माती थांबली. वाटेकडेच्या खालच्या पट्ट्यात आघाडा, टाकळा, डोरली माजली. आघाड्याचे बी आपल्या धोतराला आणि गुरांच्या अंगाला चिकटून फिरते, म्हणून तो वाटेवर आधी येतो. रुई, धोतरा आणि तरवड आधीपासूनच होते, कारण शेळी त्यांना सहसा तोंड लावत नाही. चरलेल्या रानात हीच मंडळी का उरतात, त्याचे कारण एवढेच.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोरी वर आल्या. पाखरे आणि कोल्हे बोरे खातात आणि बी टाकत जातात. बोरीचा काटा सगळ्यांना नकोसा, पण त्याच काट्याच्या आडोशाला दुसऱ्या झाडाचे कोवळे रोप वाचते. आमच्या वाटेवर एका बोरीच्या जाळीत खैराचे रोप होते. आज खैर दोन पुरुष उंच आहे आणि बोर त्याच्या सावलीत वाळून चालली आहे. याच काळात सागाच्या खुंटांना फुटलेले धुमारे पहिल्यांदा माणसाच्या उंचीचे झाले. एका खुंटाला पाच-सहा धुमारे येतात. त्यातले दोन सरळ ठेवून बाकीचे काढले की जोर त्या दोघांना मिळतो. जमिनीखाली जुनी मुळे तयार असल्यामुळे हे धुमारे नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात.

सात-आठ वर्षांनी पळस, खैर, तिवस आणि धावडा नजरेत भरू लागले. पहिली तिन्ही शेंगा धरणारी. अशा झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. आपण शेतात तूर घेतली की पुढच्या पिकाला बरे पडते, तसाच हा प्रकार. कोण आधी येतो हे बी कोण नेते यावरही ठरते. धावड्याचे बारीक पंखवाले बी आणि पळसाची चपटी शेंग वाऱ्यावर जाते, म्हणून ती लवकर पोचतात. जांभळाला पाखरू किंवा उदमांजर लागते. मोहाला वटवाघूळ लागते. बेहड्याला फळ खाणारे जनावर लागते. म्हणजे आधी थोडे रान झाल्याशिवाय ही पाहुणी मंडळी फिरकत नाहीत, आणि ती फिरकल्याशिवाय पुढचे रान होत नाही.

नवव्या वर्षी, मार्च महिन्यात, मोकळ्या बाजूने वणवा आला. निम्मी राखलेली बाजू काळी झाली. मी मे मध्ये गेलो तेव्हा बघवत नव्हते. कोणी म्हणाले, सोडून द्या आता, मोकळे करा. गावात त्यावरून दोन तट पडले. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. डोंगर बंद झाल्याचा भार सगळ्यांवर सारखा पडला नव्हता. ज्यांच्याकडे शेत होते त्यांना विहिरीचे पाणी वाढल्याचा फायदा झाला. ज्यांच्याकडे फक्त शेळ्या होत्या त्यांचे चरणच गेले. माझ्या आत्याने सात शेळ्या विकल्या आणि तिच्या मुलाने सुरतेची गाडी पकडली. तो मुलगा आज आपल्याच भागात राहतो. जंगल परत आले याचा अभिमान त्यालाही आहे, पण त्याची किंमत त्याच्या घराने भरली हे विसरून चालणार नाही. शेवटी गावाने तोडगा काढला. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना दिला आणि वणव्यासाठी जाळरेषा काढायची मजुरीही त्यांनाच. मग राखण टिकली.

वणव्यानंतर पुन्हा धुमारे फुटले. मात्र कोवळी रोपे मेली होती आणि जाड सालीची झाडे वाचली होती. साग आणि पळस पुढे गेले, इतर मागे पडले. एका वणव्याने रानाचा चेहरा बदलला. क्लेमेंट्सची सरळ शिडी इथे मोडते आणि ग्लीसनचे म्हणणे पटते.

आज वीस वर्षे उलटली. राखलेल्या बाजूला मध्यभागी पाने गुंतून छप्पर झाले आहे. त्याखाली कुसळी नाही, तरवड नाही, कारण त्यांना ऊन लागते. त्यांच्या जागी पालापाचोळा, वाळवीची वारुळे, आणि सावलीत चालणारी रोपे : ऐन, टेंभुर्णी, एखादा बेहडा. नाल्याला पाणी दिवाळीनंतरही थोडे दिवस राहते आणि काठावर अर्जुनाची रोपे आली आहेत. गंमत अशी की आता आघाडा आणायला डोंगरावर जाऊन उपयोग नाही. तो खाली वाटेच्या कडेलाच मिळतो. ज्यांनी आधी येऊन जमीन तयार केली त्यांनाच नंतर जागा राहत नाही. मला यात आपल्या वडिलांची पिढी दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत राहून, दोन पाळ्या करून त्यांनी इथली जमीन धरून ठेवली, आणि सावलीत आपण वाढलो.

मोकळी बाजू मात्र अजून १९८० मध्येच आहे. तीच कुसळी, तोच तरवड. चराई आणि वणवा चालू असले की पहिली पायरी शंभर वर्षेही ओलांडली जात नाही.

परतलेले रान तेच असते का?

आजीच्या मांडवाचे खांब ज्या रानातले होते ते रान परत आले असे मला म्हणवत नाही. परत आलेल्या रानात खुंटांवरून फुटलेला साग जास्त आहे. मोह, चारोळी, टेंभुर्णी टिकून आहेत, कारण फुला-फळांसाठी लोकांनी त्यांना पूर्वीही कुऱ्हाड लावली नव्हती. म्हणजे यातला काही भाग माणसाने निवडलेला आहे. शिवाय नवे पाहुणे आहेत. घाणेरी अमेरिकेतून शोभेसाठी आपल्या देशात आणली गेली आणि आज ती रान मोकळे दिसले की घुसते. तिची जाळी दाट झाली की खालचे रोप वर येत नाही. इथे गुजरातेत ज्याला गांडो बावळ म्हणतात त्याचीही तीच कथा. असे पाहुणे शिडीच्या मधल्या पायरीवर बसून राहतात आणि पुढच्याला वर जाऊ देत नाहीत. त्यांना काढणे हाही राखणीचाच भाग.

आणखी दोन राने

सुरतेहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे एक रान वांसद्याला आहे. ते वांसद्याच्या महाराजांच्या मालकीचे होते. १९५२ पासून तिथे तोड झालेली नाही आणि १९७९ साली सुमारे २४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पाऊस भरपूर, आणि सत्तर वर्षांची शांतता. तिथे काही ठिकाणी भर दुपारी अंधारल्यासारखे होते. झाडांवर माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली चढलेल्या दिसतात. अशी वेल जुन्या रानाची खूण, कारण तिला आधाराला आधी मोठे झाड लागते. तिथला काटस बांबू कित्येक दशकांतून एकदा एकदम फुलतो, बी टाकतो आणि मरतो. मग तेवढ्या पट्ट्यात ऊन खाली पोचते आणि शिडीचा खेळ पुन्हा खालून सुरू होतो. पक्व जंगलही थांबलेले नसते, हे तिथे समजते.

दुसरे रान सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर. तिथला डोंगर इतका उजाड होता की राखण करून भागण्यासारखे नव्हते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तिथे लागवड झाली, हरणे सोडली गेली, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. माणसाने उभे केलेले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. जिथे मुळे आणि बी दोन्ही संपली आहेत तिथे लावण्यावाचून गत्यंतर नाही, हे सागरेश्वर सांगते. जिथे मुळे शिल्लक आहेत तिथे आधी शेळी आणि कुऱ्हाड थांबवा, हे बारीपाडा सांगतो. आणि वेळ द्या, हे वांसदा सांगतो. तिन्ही ठिकाणी माणसाच्या आयुष्याएवढा काळ मोजावा लागला.

आपण काय करू शकतो

आता घरचीच गोष्ट. मी ज्या ज्या मंडळांत आणि कार्यालयांत वृक्षारोपण पाहिले, आणि ज्यात स्वतः खड्डे मोजून दिले, त्यातली बहुतेक रोपे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उरली नाहीत. फोटो झाला, नारळ फुटला, आणि पुढे पाणी घालायला कोणी नव्हते. यात माझाही वाटा आहे. रजिस्टरमध्ये खड्ड्यांची संख्या मी लिहिली, जगलेल्या झाडांची संख्या कोणी विचारली नाही आणि मीही लिहिली नाही. पिंपळाला तेवढी आमची गरज पडली नाही. तो पाखराने टाकला तिथे, कार्यालयाच्या पॅरापेटवर, आपला आपण उगवला. तिथून त्याला काढून टाकण्याचे कामही आमच्याकडेच आले.

गावातल्या आबांना मी हे एकदा सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, झाड लावाले येक दिन लागस, राखाले जनम लागस."

माझी मंडळाला एक सूचना आहे. यंदा शंभर रोपांचा कार्यक्रम करण्याऐवजी एक छोटी मोकळी पट्टी रीतसर परवानगीने घ्यावी, तिला कुंपण करावे, आणि निदान पाच वर्षे राखावी. त्यात शमी, बोर, बेल, अर्जुन ही पत्रीतलीच झाडे मोजकीच लावावीत. शमीला इथे खीजडो म्हणतात, ती या मातीतलीच आहे. मधल्या जागेत दूर्वा आणि आघाडा आपोआप येतील. त्यांना तण म्हणून उपटू नये, कारण पहिली पायरी तीच आहे. दरवर्षी चतुर्थीला मुलांना तिथे न्यावे आणि काय नवे आले, काय गेले, हे एका वहीत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी स्मरणिकेत त्या वहीची पाने छापता येतील. पट्टीवर किती रोपे लावली याच्यापेक्षा तिथे काय जगले याचा हिशोब लिहिला जावा, एवढीच अट.

पुतणीला मी या मे महिन्यात गावी नेले. डोंगराच्या राखलेल्या बाजूने चढताना तिने नाल्याकाठी अर्जुनाचे रोप ओळखले. पत्रीतल्या पानावरून ओळखले. मग खाली उतरताना वाटेच्या कडेला आघाड्याची वाळलेली काडी तिच्या ओढणीला चिकटली, आणि ती ओरडली, "काका, हा पण आला!" तिला मी सांगितले की बी झटकू नकोस, घरापर्यंत येऊ दे. ते आम्ही नवागामला आणून कुंडीत टाकले आहे. पावसाळ्यात उगवले. यंदाच्या पूजेत एक पान घरच्या आघाड्याचे असेल.

गणपती बाप्पा मोरया!